हाईम सॅम्युएल किहीमकर : एका धर्मनिष्ठ शिक्षणप्रेमी गृहस्थाचे चरित्र

अलिबागेहून उत्तरेकडे समुद्राच्या कडेने निघाले म्हणजे थळ, नवगाव व किहीम ही गावे लागतात. नारळी-पोफळींच्या आगरांतून वाट जाते, उजव्या हातास भातशेती व डोंगर, डाव्या हातास सुरूची झाडे व पलीकडे खाडीपर्यंत पसरलेली वाळू. नवगावाजवळ जुनी थडगी आहेत. फार प्राचीन काळी एक गलबत येथल्या खडकांवर फुटले, त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्यास लावलेली प्रेते त्यांनी या ठिकाणी पुरली, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरागत समजूत आहे. त्या चौदा जणांचा वंश वाढला, कोकणपट्टीतील गावोगाव पसरला, आणि ज्या गावी जो राहिला त्या गावाचे नाव त्याने आपल्या नावापुढे लावले. दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, राजपुरीचे राजपूरकर, तसे किहीमचे किहीमकर. या शेवटच्या घराण्यातील एका पुरुषाचे चरित्र यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

मिशनच्या शाळेच्या वार्षिकात एका यहुदी गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणा पालकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर चरित्र वाचल्यावर आपोआप मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, या किनाऱ्यावरील शाळांच्या इतिहासात मिशनरी गुरू व इस्रायल विद्यार्थी यांचा संबंध फार जुना असून, ज्यांचे चरित्र आम्ही लिहीत आहो त्यांचे सारे आयुष्य त्या संबंधाने घडलेल्या एका पेचाचा उलगडा करण्यात गेले.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा जन्म इ. स. १८३० मध्ये अलिबागेस झाला. त्या वेळी अलिबाग आंग्र्यांच्या राज्यात होती. हाईम हे लहान असतानाच आंग्र्यांचे संस्थान खालसा होऊन कुलाब्यावर इंग्रजांचा अंमल बसला. मुंबई समोर दिसत असली तरी तेथे पोहोचावयास रेवसहून मचव्यात बसून वाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागे. पावसाळ्यात तर तोही मार्ग बंद. अशा काळी कोकणातील बेने इस्रायल कुटुंबांत दोन वाटा रूढ होत्या. जे गावात राहिले ते तेलाचे घाणे चालवीत, थोडी शेती करीत, सुतारकाम करीत. जे बाहेर पडले ते बहुधा कंपनी सरकारच्या पलटणीत शिरत. पलटणीतील इस्रायल शिपायांचा व एतद्देशीय अंमलदारांचा लौकिक मोठा होता. टिपूशी झालेल्या युद्धात कैद होऊन सुटून आलेले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी इ. स. १७९६ मध्ये मुंबईत या लोकांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधिले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

गावात राहिलेल्यांस शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत. कारण उघड होते. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. गिऱ्हाईक दारी आले तरी तेल मिळावयाचे नाही. या लोकांजवळ धर्मग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा ते विसरले होते, मंदिर नव्हते, आचार्य नव्हते. घरात बोलावयाची भाषा मराठी, अंगावरचा पोशाख मराठी, आणि नावेही सामाजी व अबाजी अशी मराठी वळणाची. तरीही आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, उपास, निषिद्ध अन्नाचा त्याग, आणि देव एकच आहे असे सांगणारी शमा नावाची एक प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान् पिढ्या जतन केली. ती प्रार्थना त्यांच्या तोंडी होती, पण तिच्यातील शब्दांचा अर्थ पुष्कळांस कळत नव्हता.

दाविद रहाबी नावाचा एक परदेशस्थ यहुदी व्यापारी कोकणात आला त्याची गोष्ट या समाजात मोठ्या आवडीने सांगतात. हे लोक खरेच इस्रायल आहेत की काय याची परीक्षा पाहण्याकरिता त्याने स्त्रियांच्या पुढे नाना प्रकारचे मासे ठेविले व ते रांधावयास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूस सारले. मोशेच्या नियमशास्त्रात हाच भेद सांगितलेला आहे. रहाबीची खात्री पटली, व त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील तरुणांस धर्मविधी शिकवून तयार केले. त्यांस पुढे काझी म्हणू लागले. किहीमकरांनी हा रहाबी कित्येक शतकांपूर्वीचा मानिला. अलीकडील काही संशोधक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. काळ कोणताही असो, परीक्षा चुलीपाशी झाली व ती स्त्रियांनी उतरविली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र चित्र पालटू लागले. इ. स. १८१३ मध्ये अमेरिकन मिशन मुंबईस आले, आणि त्याच्या शाळा मुंबईत व समोरच्या कोकणपट्टीत निघाल्या. इ. स. १८२६ च्या सुमारास कोचीनहून शिक्षित यहुदी आले व त्यांनी प्रार्थना आणि विधी शिकविण्यास प्रारंभ केला. इ. स. १८२९ मध्ये स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण इ. स. १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. हे व्याकरण मुख्यतः बेने इस्रायल विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले. मिशनऱ्यांनी जुना करार मराठीत छापला, तेव्हा ज्या लोकांस आपले पूर्वज अब्राहाम, इसहाक व याकोब एवढीच नावे ठाऊक होती त्यांस त्यांच्या कथा आपल्या घरच्या भाषेत प्रथम वाचावयास मिळाल्या. मिशनच्या शाळांत इस्रायल मुले मोठ्या संख्येने येत, आणि पुढे त्यांतूनच शिक्षकही निपजले. मुलींसही शाळेत धाडण्यास हे लोक इतर कित्येक जातींपेक्षा लवकर तयार झाले.

आता पेच आला तो येथे. मिशनऱ्यांचा हेतू शिकविण्याचा होता, तसाच ख्रिस्ती धर्माकडे मने वळविण्याचाही होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. बेने इस्रायलांनी शिक्षण घेतले, व्याकरण घेतले, मराठी शास्त्र घेतले, आणि त्यांचा उपयोग करून आपलाच जुना धर्म अधिक पक्का केला. धर्मांतर केलेले फार थोडे. आम्ही मिशनच्या शाळेतून हे लिहीत असताना यात विषाद मानीत नाही. दिवा लावणाऱ्याने त्या उजेडात कोणी काय वाचावे याचा आग्रह धरू नये, असे आम्हांस वाटते. तथापि एखाद्या इस्रायल बापास त्या काळी काय वाटत असेल याची कल्पना करून पाहावी. मुलास शाळेत धाडावे तर त्याची श्रद्धा डळमळण्याचे भय, न धाडावे तर तो अडाणी राहून पुन्हा घाण्यापाशी बसावयाचा. सरकारी शाळेत धर्माचे भय नाही, पण तेथे हिब्रूचे नावही नाही. आणि पुढे चाकरी लागली म्हणजे शनिवारी कचेरीत हजर राहावयाचे की शब्बाथ पाळावयाचा, हा प्रश्न तर घरोघर होताच.

किहीमकरांनी या प्रश्नाचे उत्तर तरुणपणीच ठरविले. इ. स. १८५३ मध्ये, ज्या वर्षी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, त्यांनी आपले बंधू व काही स्नेही यांच्या साहाय्याने समाजात विद्याप्रसार करण्यासाठी एक परोपकारी मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. भाऊभाऊ मिळून दुकान काढतात, जमीन करतात, कज्जेही करतात. भाऊभाऊ मिळून दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहतात असे उदाहरण विरळा. घराचा जिव्हाळा घराबाहेर नेण्याची ही त्यांची रीत जन्मभर टिकली.

परंतु मंडळी स्थापन होणे आणि शाळा उभी राहणे यांत बावीस वर्षांचे अंतर पडले. समाज लहान व गरीब. पलटणीतील पेन्शनर, कचेऱ्यांतील कारकून, सुतार व गवंडी, यांच्याकडून वर्गणी ती किती जमणार? अखेर इ. स. १८७५ मध्ये मुंबईत इस्रायल मुलांसाठी त्यांची शाळा सुरू झाली. इंग्रजी, मराठी व हिब्रू या तिन्ही भाषांची तेथे सोय होती. पोटासाठी इंग्रजी, घरासाठी मराठी, देवासाठी हिब्रू, अशी ही वाटणी आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे करतो. किहीमकरांच्या दृष्टीने त्या तिहींत उच्चनीच भाव असेल असे दिसत नाही. लंडन येथे इ. स. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेस द्रव्याची मदत केली.

ही मदत सुखासुखी आली नाही. परदेशच्या यहुद्यांस हिंदुस्थानात मराठी बोलणारे, साडी नेसणारे, भात-मासळी खाणारे आपले बांधव आहेत हे प्रथम पटवून द्यावे लागे. मुंबईतच बगदादहून आलेल्या धनाढ्य यहुद्यांपैकी कित्येकांस यांच्या कुळाविषयी शंका होती. म्हणजे एकीकडे मदत मागावयाची, आणि ती मागण्याचा आपणांस अधिकार आहे हेही त्याच श्वासात सिद्ध करावयाचे. स्वाभिमानी मनुष्यास याहून कठीण काम नाही. किहीमकरांनी इ. स. १८९२ मध्ये बेने इस्रायलांचा संक्षिप्त इतिहास इंग्रजीत लिहून मुंबईत प्रसिद्ध केला, आणि त्याच्याच जोडीस समाजाच्या शिक्षणासाठी विनंती जोडिली. इतिहास व विनंती ही दोन्ही एका पुस्तकात का घातली याचा उलगडा वरील हकिकतीवरून होईल.

याच ठिकाणी त्यांच्या एका समकालीनाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे किहीमकरांहून चार वर्षांनी लहान. त्यांचे शिक्षण डॉ. विल्सन यांच्या विद्यालयात झाले. इ. स. १८५६ मध्ये ते मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिक्षक झाले, इ. स. १८६१ मध्ये मुख्याध्यापक झाले, आणि सुमारे चाळीस वर्षे त्या जागेवर राहिले. मुंबई विश्वविद्यालयाने त्यांस हिब्रूचे परीक्षक नेमिले. प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे व इतर मिळून सुमारे वीस पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या व इतरांच्या श्रमाने आजीबाईंस पाठ असलेल्या शब्दांचा अर्थ नातवास कळू लागला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह पुण्यास इ. स. १८७४ मध्ये छापली गेली. इ. स. १८८० च्या सुमारास तर या लोकांनी हरिदासांच्या पद्धतीवर अब्राहाम व योसेफ यांच्या आख्यानांची कीर्तनेही सुरू केली. एकाने शाळा उभारली, दुसऱ्याने शाळेत वाचावयाची पुस्तके सिद्ध केली. एकाचे गाव अलिबागेजवळ, दुसऱ्याच्या घराण्याचे जंजिऱ्याच्या खाडीवर.

किहीमकरांचे सर्वांत मोठे काम मात्र शाळा चालवीत असतानाच घरी रात्रीबेरात्री होत गेले असावे असे आम्हांस वाटते. इ. स. १८९७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी बेने इस्रायलांचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. आपले पूर्वज ख्रिस्तापूर्वी १७५ वर्षांच्या सुमारास, अँटिओकस राजाच्या जुलमामुळे गालीलातून निघाले असावेत, असे त्यांचे मत. या मताच्या पुष्ट्यर्थ असे सांगतात की, त्यानंतर थोड्याच वर्षांनी यरुशलेमाच्या मंदिराची शुद्धी होऊन हनुक्का हा दिव्यांचा सण सुरू झाला, आणि कोकणच्या इस्रायलांस तो मुळीच ठाऊक नव्हता. सण सुरू होण्यापूर्वीच जे घर सोडून निघाले त्यांस तो ठाऊक असणार कसा? आजचे सर्व विद्वान ही तिथी मान्य करीत नाहीत. परंतु जे आढळते त्यावरूनच नव्हे, तर जे आढळत नाही त्यावरूनही अनुमान काढण्याची ही रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहून ठेवावी.

आम्हांस त्या ग्रंथातील अधिक प्रिय भाग तिथींचा नाही, तर घरातील चालीरीतींचा आहे. सणांची नावे ऐका. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपास म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपास व प्रार्थना करावयाची. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा रोजा. आमच्या रायगड जिल्ह्यातील कोणत्या घरी वालाचे बिरडे ठाऊक नाही? दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या यरुशलेमाचे दुःख आणि रायगडच्या शेतातील वाल यांची अशी गाठ पडलेली पाहून मन थक्क होते. एस्तेर राणीच्या उत्सवास ते होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही जवळपास एकाच सुमारास येत. आणि नवस फेडावयाचा झाला म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करीत. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. अलिबागेजवळ खंडाळे गावी एका खडकावरील खुणा एलियाच्या रथाच्या म्हणून दाखवितात, व तेथे आजही लोक नवस फेडावयास जातात.

हे सारे किहीमकरांनी लिहून ठेविले. ज्या पिढीस नवे शिक्षण मिळाले त्या पिढीस घरच्या चालींची लाज वाटू लागते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. कोचीन, बगदाद व लंडन येथील यहुद्यांशी संबंध येताच शिकलेल्या तरुणांस मलिदा व बिरडे ही गावंढळ वाटणे अशक्य नव्हते. ज्या गृहस्थाने त्यांस इंग्रजी शाळा दिली त्यानेच त्यांच्या आज्यांच्या चाली कागदावर उतरविल्या. लग्नातील विधी, बारसे, नवस, खाणेपिणे, यांतील काहीही त्यांनी हलके म्हणून गाळले नाही. हे काम घराविषयी ममता असल्यावाचून होत नाही. अभ्यासिकेत बसून नुसत्या पोथ्या चाळणाऱ्यास बिरड्याचे महत्त्व कळले नसते.

ग्रंथात उणेही आहे. या समाजात गोरे इस्रायल व काळे इस्रायल असा भेद मानीत व त्यांच्यात लग्नसंबंध होत नसत. किहीमकरांच्या ग्रंथात हा भेद नमूद आहे. परंतु ज्यांच्या स्वतःच्या कुळावर परक्यांनी शंका घेतली त्यांनी आपल्यांतल्या दुबळ्यांवर तीच शंका का घ्यावी, हा प्रश्न वाचताना आमच्या मनात उभा राहतो, आणि ग्रंथ त्याचे समाधान करीत नाही. त्या काळचा मनुष्य त्या काळच्या समजुतींतून सर्वस्वी सुटलेला नव्हता. पुढे काळानेच तो भेद बोथट केला.

ग्रंथ पुरा झाला, पण छापला गेला नाही. त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, किहीमकर निवर्तले. आपले लिखाण छापलेले पाहण्याचे सुख त्यांच्या नशिबी नव्हते. हस्तलिखित चाळीस वर्षे तसेच राहिले. इ. स. १९३६ मध्ये इमानुएल ओल्सवांगर नावाचे एक यहुदी पंडित हिंदुस्थानात आले. त्यांनी ते हस्तलिखित संपादून पॅलेस्टाइनातील तेल अवीव शहरी इ. स. १९३७ मध्ये छापविले. ज्या देशातून पूर्वज निघाले असे त्यांनी आयुष्यभर प्रतिपादन केले, त्याच देशात त्यांचे पुस्तक पहिल्याने छापले गेले.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. इ. स. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलात जाऊ लागली. तेथे त्यांच्या कुळाविषयी तीच जुनी शंका पुन्हा निघाली आणि काही वर्षे फार मनस्ताप झाला. अखेर इ. स. १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ते सर्व बाबतीत यहुदीच होत असे जाहीर केले, तेव्हा किहीमकरांनी जिच्यासाठी लेखणी झिजविली ती गोष्ट राजमान्य झाली. मुंबईतील त्यांच्या शाळेस पुढे सर एली कदूरी या दात्याचे नाव मिळाले. माझगावातील त्या शाळेत काळांतराने इस्रायल मुले कमी होत गेली, व त्यांच्या जागी शेजारपाजारच्या मुसलमान व इतर कुटुंबांतील मुले बसू लागली.

अलिबागेस इस्रायल आळीत इ. स. १८४८ मध्ये स्थापन झालेले प्रार्थनामंदिर अद्याप उभे आहे. प्रार्थनेस येणारी घरे आता मोजकीच आहेत. कधी कधी एखादे परदेशातून आलेले कुटुंब तेथे दिसते. वडील माणसे मराठीत बोलतात, मुले हिब्रूत उत्तर देतात, आणि मग सर्वजण गाडी करून नवगावची थडगी पाहावयास व तेथून किहीमपर्यंत जातात.